चालती शाळा

"तुमची शाळा नीट चालते ना?" असं कुणी परगावच्या माणसानं सहज विचारलं, की विलो ओढ्याकाठची मंडळी आधी एकमेकांकडे बघतात आणि मग गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "पूर्वी चालायची. आता बसली." पाहुण्याला वाटतं, बंद पडली बिचारी, आणि तो हळहळतो. मग त्याला कुणीतरी कॉफीला बसवतं आणि गोष्ट पहिल्यापासून सांगतं.

पहिली शाळा मातीची होती. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या माळावर तेव्हा लाकूड कुठलं? नांगरानं गवताची ढेकळं मुळांसकट कापायची आणि विटांसारखी रचायची. टेकाडाच्या पोटात खणून पुढं ढेकळांची भिंत घातली, झाली खोली. छप्पर मागच्या जमिनीला इतकं बेमालूम मिळालेलं, की टेकाड कुठं संपतं आणि शाळा कुठं सुरू होते हे माणसाला कळत नसे, मग गुराला कुठून कळणार? एका वसंतात कुचेरांची तांबडी गाय छपरावरचं कोवळं गवत खात खात पुढं सरकली आणि ऐन पाढ्यांच्या तासाला वर्गात उतरली. लागलं कुणालाच नाही. पण गाय काही दारातून मावेना, तिच्यासाठी भिंत पाडावी लागली, आणि भिंत पाडल्यावर शाळा म्हणण्यासारखं तिथं काही उरलं नाही.

दुसरी शाळा लाकडाची बांधायची ठरली. एकच खोली, दोन्ही अंगांना खिडक्या, मधोमध लोखंडी शेगडी. घोडं अडलं ते जागेवर. ज्याला त्याला शाळा आपल्या बांधाला हवी. शेवटी सगळ्यांत वयस्कर म्हणून स्टब्स आजोबांनी तोडगा काढला: पाया घालायचाच नाही. बर्फावरून ओढायच्या गाडीला असतात तसे दोन जाड ओंडके खाली घालायचे आणि त्यांवर खोली उभी करायची. "आज इथं ठेवू. उद्या नाही पटलं तर घोडे जुंपू." यावर सगळेच खूश झाले, कारण प्रत्येकाला मनातून वाटत होतं की उद्या ती आपल्याच दारात येणार आहे.

ती गेली कुचेरांच्या दारात. दक्षिणेच्या टेकाडावर वेन्सेल कुचेरा आणि लुडमिला कुचेरा या युरोपातल्या बोहेमियाहून आलेल्या जोडप्याचं घर होतं, आणि त्यांच्या कुंपणाला लागूनच शाळा. लुडमिलाची सात पोरं घरातून शाळेत आणि शाळेतून घरात अशी जात, जशी आपण माजघरातून परसात जातो.

आणि उत्तरेला, मधला सगळा खोलगट भाग ओलांडून पलीकडे, टटलांचं घर. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी फिलेना टटल उभी असायची.

फिलेना ओहायोत कॉलेजात शिकलेली. ग्रीक येत होतं, भूमिती येत होती. मूल डोळ्यांआड कसं जाऊ द्यायचं, एवढा एक विषय मात्र तिथं कुणी शिकवला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक हेट्टी कोंबडीच्या पिल्लामागं धावत घरामागच्या गवतात शिरली. गवत मोठ्या माणसाच्या खांद्याएवढं. हाका मारून फिलेनाचा घसा बसला, नवरा ऑरिन घोड्यावर बसून ओढ्यापर्यंत जाऊन आला, आणि पोरगी सापडली ती घराला खेटून, पाण्याच्या पंपामागं, पिल्लू कुशीत घेऊन गाढ झोपलेली. तेव्हापासून फिलेनाचा एक नियम झाला. जे दिसतं ते आहे; जे दिसत नाही त्याचं काय सांगावं. कणीक मळताना एक डोळा कणकेवर आणि एक अंगणात. ऑरिन म्हणायचा, "तुझ्या पावाचा आकार बघूनच कळतं, हेट्टी आज कुठल्या बाजूला खेळत होती."

त्या एप्रिलमध्ये हेट्टीला पाच वर्षं पूर्ण झाली. पाच म्हणजे शाळा. आणि शाळा टेकाडापलीकडे, खिडकीतून काही केल्या न दिसणारी.

"पुढच्या वर्षी धाडू," फिलेना म्हणाली.

"पुढच्या वर्षीही तू हेच म्हणशील," ऑरिन म्हणाला. "पुढच्या वर्षी गवत कमी उगवणार आहे का?"

"आई, मला आत्ताच जायचंय," हेट्टी टेबलाखालून म्हणाली. "कुचेरांचा टोनिक म्हणतो, मला पाटीवर माझं नाव पण काढता येत नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी त्याला चावले."

असली पोर घरात ठेवणं अवघड आणि बाहेर सोडणं त्याहून अवघड. फिलेनानं सुस्कारा टाकला. त्याच रात्रीच्या जेवणात ऑरिननं हेट्टीला खुलवायला म्हणून शाळेची जागा कशी ठरली ती गोष्ट काढली. उत्तरेच्या हद्दीपासून तो निघाला, दक्षिणेच्या हद्दीपासून वेन्सेल कुचेरा. दोघांनी आपापल्या गाडीच्या चाकाला लाल फडकं बांधलं. फडकं एकदा वर आलं की एक फेरा. दोघांचे फेरे सारखे होतील तिथं मध्य, आणि तिथं शाळा.

"मी लगाम शेजाऱ्याकडे दिला आणि मागच्या फळीवर उलटा बसलो, पाय खाली सोडून," ऑरिन म्हणाला. "म्हणजे फडकं अगदी नाकासमोर. एक फेरा चुकला नाही. वेन्सेल पुढं बसला होता, लगाम धरून. लुडमिला शेजारी बसून तिच्या भाषेत मोजत होती."

फिलेनाचा चमचा हवेत थांबला. "तुम्ही मागच्या चाकाला फडकं बांधलंत?"

"हो. का?"

"आणि त्यांनी पुढच्या?"

"असेल. तो पुढं बसला होता ना."

"ऑरिन, गाडीचं मागचं चाक किती मोठं असतं?"

ऑरिननं तोंडातला घास गिळला. उत्तर द्यायची गरज नव्हती. मागचं चाक पुढच्याहून चांगलं हातभर उंच असतं हे हेट्टीलाही ठाऊक होतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं. म्हणजे फेरे सारखे, पण उत्तरेची वाट लांब आणि दक्षिणेची आखूड. स्वतःच्या लेकीची शाळा स्वतःच्या दारापासून लांब लोटणारा माणूस समोर बसून वाटाणे खात होता.

"हे बाहेर नको सांगूस," तो हळूच म्हणाला.

"मी सोमवारच्या सभेत सांगणार आहे," फिलेना म्हणाली.

शाळेची वार्षिक सभा शाळेतच भरे. थोराड माणसं पोरांच्या बाकांत गुडघे कानाशी घेऊन बसली होती. ज्या बाईचं मूल शाळेच्या वयाचं, तिला या सभेत मत होतं, आणि फिलेनाचं हे पहिलंच मत. ती उठली आणि फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं. बाजूला लिहिण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं, पण वर्तुळं पाहिल्यावर लोक ऑरिनकडे पाहून हसायला लागले आणि पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"खरा मध्य आलुबुखाराच्या झाडीपलीकडच्या उंचवट्यावर येतो," फिलेना म्हणाली. तो उंचवटा तिच्या खिडकीतून स्वच्छ दिसे, हे ती म्हणाली नाही.

लुडमिला कुचेरा उठली. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. "टटलबाई, तुमच्या नवऱ्याला पुढचं-मागचं कळत नाही, त्याची शिक्षा माझ्या पोरांनी का भोगायची?"

"शिक्षा नाही हो मावशी. मध्य तो मध्य."

"तुमच्या लेकीला पाय आहेत ना दोन? आमच्या टोनिकच्या दंडावर दातांची खूण आहे, म्हणजे दातही आहेत. मग तिला खाईल कोण? तीच कुणाला खाईल."

सभा खदाखदा हसली. फिलेनाचे कान तापले, पण ती बसली नाही. मतं मोजली तर बरोबर निम्मी-निम्मी, आणि एक उरलं. ते तिचं.

"या बाईंना मत कसलं?" लुडमिला म्हणाली. "मागच्या आठवड्यापर्यंत पोरगी चार वर्षांची होती."

"आणि या आठवड्यात पाच वर्षांची आहे," स्टब्स आजोबा म्हणाले. ते एका कानानं बहिरे होते आणि लुडमिलाच्या बाजूला नेहमी तोच कान ठेवत. "ठराव पास. शाळा हलवायची."

शहाण्या माणसांनी आता थंडीची वाट पाहिली असती. जमीन गोठली की ओंडके लोण्यासारखे घसरतात. पण उत्तरेकडच्यांना धास्ती, की थांबलो तर लुडमिला तोवर एखादं मत फिरवेल. म्हणून त्याच शुक्रवारी घोडे जुंपले, जेव्हा बर्फ नुकतं वितळून सगळा माळ ओल्या पावासारखा झाला होता.

त्यात आयडा विल्सीबाईंची भर. शाळेच्या या बाई जेमतेम एकोणीस वर्षांच्या, पण सुट्टी या शब्दाशी त्यांचं वैर. "आज एक दिवस सोडलं, तर मोठी मुलं पेरणीला पळतील आणि पुन्हा तोंड दाखवणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेरून ओढा. मी आतून शिकवते."

असा हेट्टीचा शाळेतला पहिला दिवस चालत्या शाळेत उगवला. घोड्यांच्या जोड्या पुढं, त्यांच्या पुढं वेन्सेलचे दोन बैल, कारण ठराव विरुद्ध गेला तरी बैल द्यायचे नाहीत असं काही त्याला सुचलं नाही. खोली कुरकुरली, हलली आणि निघाली. आतून एका सुरात नद्यांची नावं ऐकू येत होती. फिलेना खिडकीला धरून शेजारून चालत होती. आत लेक पहिल्या बाकावर, पाय लोंबकळत, तोंड कानापर्यंत फाकलेलं.

"आई, आपण मिसिसिपी ओलांडली."

"बाकाला घट्ट धर."

"टटलबाई," विल्सीबाई आतून म्हणाल्या, "पालकांनी तासाला बोलू नये. आणि खिडकीतून हात काढा, नाहीतर तुम्हाला तिसऱ्या वर्गात बसवीन."

टेकाडावरून खाली उतरेपर्यंत सगळं छान. खोलगट भागात आल्यावर ओंडके चिखलात बसायला लागले. बैल थांबले. घोडे गुडघ्यापर्यंत रुतले. ऑरिननं घोड्यांना "हो हो" करून थांबवलं, वेन्सेलनं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं जे मुलांनी ऐकायला नको होतं, आणि मग खालून कड्डकन आवाज आला. डावा ओंडका मोडला. शाळा एका बाजूला किंचित झुकली, सुस्कारा सोडल्यासारखी खाली टेकली आणि राहिली. आलुबुखाराच्या झाडीच्या थेट मागं. लुडमिलाच्या दारापासून दूर, फिलेनाच्या खिडकीपासून आडोशाला.

कुणाच्याच मनासारखं नाही, म्हणजे बहुतेक बरोबर मध्यावर, असं स्टब्स आजोबा म्हणाले. खालून दगड सारून खोली सरळ केली आणि उरलेलं हिवाळ्यात बघू म्हणून सगळे पेरणीला गेले.

सोमवारी फिलेना खिडकीशी उभी राहिली. घरापासून झाडीपर्यंतची पायवाट दिसत होती, तळहातावरच्या रेषेसारखी. मग झाडी. झाडीमागं शाळा असणार. असणार म्हणजे काय? तिनं हेट्टीच्या डोक्यावरची टोपी काढली. "आज नको. खोकला वाटतोय तुला."

"मला नाही वाटत."

"मला वाटतोय."

मंगळवारी वारा होता. बुधवारी काहीच नव्हतं, तेव्हा फिलेना म्हणाली की आभाळ फारच स्वच्छ आहे, असं आभाळ फसवं असतं. हेट्टी टेबलाखाली जाऊन बसली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. ऑरिन गोठ्याकडे निघून गेला. चाकाच्या गोष्टीनंतर घरात त्याच्या मताला फारशी किंमत उरली नव्हती.

बुधवारी दुपारी दारात लुडमिला उभी. हातात फडक्यानं झाकलेलं ताट, चेहरा सभेतल्यासारखाच.

"कोलाचे आणलेत," ती म्हणाली. "भांडायला आले आहे, पण रिकाम्या हातानं कसं यायचं?"

ताटात मधोमध आलुबुखाराचा गर भरलेले गोड पाव होते. टेबलाखालून एक हात आला आणि एक पाव घेऊन गेला.

"तीन दिवस झाले, पोरगी शाळेत नाही," लुडमिला बसत म्हणाली. "माझ्या दारातली शाळा तू ओढून नेलीस, चिखलात घातलीस, आणि आता पोरीला पाठवतही नाहीस. मग हा खटाटोप कशासाठी, माझी कंबर मोडायला? आता रोज टेकाडाच्या टोकाला जाऊन सात डोकी मोजते मी. पूर्वी खिडकीतून मोजायची."

"तुम्ही मोजता?" फिलेनानं विचारलं.

"मोजते म्हणजे? सकाळी सात, दुपारी सात. एखाद दिवशी सहा झाले तर हातातलं टाकून धावते. म्हणून तर शाळा कुंपणाला हवी होती मला. तुला काय वाटलं, मला पाढे ऐकायचे होते?"

 ही इतकी मोठ्या आवाजाची बाई खिडकीशी उभी राहून ओठातल्या ओठात मोजते, हे फिलेनाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मग तिनंही सांगून टाकलं. पंपामागची दुपार, झाडी, आभाळ, सगळं. बोलताना तिच्या हातातल्या पावाचा चुरा झाला.

लुडमिला उठून खिडकीशी गेली. तिनं झाडीकडे बोट केलं. "इथून झाडीपर्यंत तुला दिसतं."

"हो."

"झाडीतून बाहेर येऊन शाळेच्या दारापर्यंत मला दिसतं. टेकाडावरून सगळा खळगा दिसतो. आणि माझी कपड्यांची दोरी?"

दूर दक्षिणेला, टेकाडाच्या माथ्यावर, काहीतरी पांढरं फडफडत होतं. "दिसते," फिलेना म्हणाली.

"मग झालं. पिसांच्या दुलईची लाल खोळ आहे माझ्याकडे, लग्नातली. पोरगी झाडीतून बाहेर पडून शाळेत शिरली की मी ती दोरीवर टाकते. आणि माझी कार्टी शाळा सुटल्यावर मासे मारायला तुझ्या बाजूच्या ओढ्याला पळतात, तिथं माझी नजर पोचत नाही. ती तू मोज."

"सात," फिलेना म्हणाली.

"सात. टोनिकला दोनदा मोजू नकोस, तो सारखा जागा बदलतो."

टेबलाखालून आवाज आला, "उद्याच जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हेट्टी निघाली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. फिलेना खिडकीला नाक लावून. टोपी लहान झाली, आणखी लहान झाली, झाडीत शिरली आणि गेली. आता खोळ. फिलेनानं दोरीवर डोळे रोवले. पांढरं दिसत होतं, निळं दिसत होतं. लाल नाही. तिनं भट्टीतला पाव तसाच ठेवला. लाल नाही. वाट चुकली असेल. काट्यात अडकली असेल. साप. फिलेनानं स्कर्ट दोन्ही हातांनी वर धरला आणि धूम ठोकली.

झाडीतून ओरखडे घेत ती पलीकडे निघाली आणि थेट शाळेच्या खिडकीवर आदळली. आत पहिल्या बाकावर हेट्टी, जीभ बाहेर काढून, पाटीवर एच हे अक्षर काढण्यात गढलेली. दुसऱ्या बाजूनं धापा टाकत लुडमिला आली. तिच्या हातात लाल चिंधी होती.

"शेळी," ती म्हणाली. पुढचं बोलायला श्वास नव्हता. "दोरीवर टाकली. वळले. खाऊन टाकली. लग्नातली. तुला कळणार कसं, म्हणून पळत आले."

दोघींनी एकमेकींचा अवतार पाहिला. फिलेनाच्या केसांत काटक्या, लुडमिलाच्या एका पायात चप्पल नाही. आधी लुडमिलाचं पोट हलायला लागलं, मग फिलेनाचं. हसता हसता दोघी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मोडक्या ओंडक्यावर टेकलेली शाळा जराशी कुरकुरली.

खिडकी उघडली. विल्सीबाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या कोपराखालून हेट्टीचं डोकं आलं. सगळा वर्ग मागं उभा.

"आई," हेट्टी दबल्या आवाजात म्हणाली, "तू घरी जा ना. सगळे बघतायत."

फिलेना उठली. स्कर्ट झटकला. आणि गेली. झाडीतून जाताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही, आणि याचं तिला स्वतःलाच इतकं नवल वाटलं की जळालेल्या पावाचा वास अंगणात पोचल्यावरच आला.

हिवाळा आला, जमीन गोठली. पुरुषमंडळी घोडे आणि नवे ओंडके घेऊन खळग्यात जमली. खरा मध्य तो उंचवटा, ठराव पास झालेला. तेव्हा फिलेना आणि लुडमिला शाळेच्या दाराशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

"ती हलणार नाही," फिलेना म्हणाली.

"पण तूच तर," ऑरिन म्हणाला, "फळ्यावर वर्तुळं काढून."

"तुम्ही वर्तुळांविषयी बोलू नका," फिलेना म्हणाली.

स्टब्स आजोबांनी बहिरा कान कुणाकडे करावा ते ठरेना, कारण दोघी आता त्यांच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग वसंतात ओंडके काढून दगडाचा पाया घातला, आणि शाळा बसली ती बसलीच.

खोळीची जागा आता लाल टेबलक्लॉथनं घेतली आहे, आणि शेळीला दावं. एक लाल म्हणजे हेट्टी पोचली. दोन म्हणजे कॉफी ठेवली आहे, ये. वेन्सेल कुचेरा अलीकडे कुरकुरतो, की आमच्या घरात मेजवानी काही होत नाही आणि टेबलक्लॉथ मात्र रोज धुतले जातात.